सेकंडहँड दुकानात 'खजिना' सापडला, तर तो तुमचा होतो का?

'भंगारात घेतलेली वस्तू निघाली लाखोंची!' अशी एखादी रील तुमच्याही फीडमध्ये आली असेलच. परदेशातली थ्रिफ्ट शॉप्स, इस्टेट सेल, आपल्याकडचा चोर बाजार, इन्स्टाग्रामवरची जुन्या कपड्यांची पेजेस या सगळ्यांकडे तरुणांची पावलं वळतायत. पण वस्तू मौल्यवान निघाल्यावर पुढे काय होतं, हे रीलमध्ये सहसा दिसत नाही. दोन खऱ्या गोष्टींवरून ते समजून घेऊया.

३५ डॉलरच्या दोन वस्तू

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात एकाने घराबाहेर मांडलेल्या जुन्या सामानातून ३५ डॉलरला एक छोटा वाडगा घेतला. तो निघाला १५व्या शतकातला, चीनच्या मिंग राजवटीतला. मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ७ लाख २१ हजार ८०० डॉलर मिळाले.

दुसरी गोष्ट टेक्सासमधल्या ऑस्टिनची. लॉरा यंग यांनी २०१८ मध्ये 'गुडविल'च्या दुकानात टेबलाखाली ठेवलेला एक संगमरवरी अर्धपुतळा घेतला. किंमत ३४.९९ डॉलर. तज्ज्ञांनी सांगितलं, हा सुमारे २ हजार वर्षांपूर्वीचा रोमन पुतळा आहे. तो जर्मनीतल्या आशाफेनबुर्ग शहरातल्या 'पॉम्पेयानुम' या वास्तूत होता. दुसऱ्या महायुद्धात तिथे बॉम्बहल्ले झाले आणि पुतळा गायब झाला. एखाद्या अमेरिकन सैनिकाने तो नेला असावा, असा अंदाज आहे.

लॉरा यांना तो विकता आला नाही. सॅन अँटोनियोच्या संग्रहालयात वर्षभर मांडल्यानंतर २०२३ मध्ये तो जर्मनीला परत गेला.

असा फरक का?

दोघांनीही दुकानात किंवा दारात रीतसर पैसे मोजले होते. फरक होता तो वस्तूच्या मागच्या इतिहासात. वाडग्यावर कुणी दावा सांगितला नाही. पुतळ्याचा मूळ मालक मात्र ठाऊक होता आणि त्याने तो कधीच विकला नव्हता.

मालकीचा साधा नियम असा, की विकणाऱ्याकडेच मालकी नसेल तर ती घेणाऱ्याकडे येत नाही. भारतातही १९३०च्या माल विक्री कायद्यात हेच तत्त्व आहे, त्याला मोजके अपवाद आहेत. म्हणजे 'मी पैसे दिलेत' एवढं म्हणून भागत नाही.

इस्टेट सेल म्हणजे काय?

घरातली वडीलधारी व्यक्ती गेली किंवा घर रिकामं करायचं असलं, की अमेरिकेत अख्ख्या घरातलं सामान दोन-तीन दिवसांत तिथेच विकतात. काम बहुतेकदा एखादी कंपनी कमिशनवर करते. वेळ कमी आणि वस्तू हजारो, त्यामुळे प्रत्येकीची नीट पारख होत नाही. 'खजिना' सापडतो तो इथेच.

आपल्याकडे ही पद्धत नाही. आजीचं घंगाळ, फिरकीचा तांब्या, अडकित्ता, पानाचा डबा मोडीत जातो, तोही किलोच्या भावाने. उरलेलं भंगारवाल्याकडे आणि त्यातलं काही फिरत फिरत मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पोचतं.

भारतात कायदा काय सांगतो?

- १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार कलात्मक किंवा ऐतिहासिक महत्त्वाची, किमान १०० वर्षं जुनी वस्तू 'पुरावशेष' ठरू शकते. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी आणि कागदपत्रांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे.
- अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. मूर्ती, चित्रं अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. खासगी व्यक्तीला त्या परदेशात पाठवता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाला 'भेट' म्हणून पाठवलेली जुनी मूर्तीही यात अडकू शकते.
- जमिनीत पुरलेलं धन सापडलं, तर १८७८चा कायदा लागू होतो. किंमत १० रुपयांहून जास्त असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा आकडा आजही तोच आहे.
- हस्तिदंताच्या वस्तूंचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी.
- चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तशी शंका येण्यासारखं कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा होतो.

मग खरेदी करायची की नाही?

जरूर करा. जुनी खुर्ची, कपडे, पुस्तकं, कॅमेरे, ग्रामोफोनच्या तबकड्या घेण्यात काहीच गैर नाही. वस्तू पुन्हा वापरली तर कचराही कमी होतो. फक्त एवढं पाहा:

- विकणाऱ्याला वस्तू कुठून आली ते विचारा. पावती किंवा निदान पैसे दिल्याची ऑनलाइन नोंद ठेवा.
- जुना मोबाइल घेताना त्यावर *#०६# डायल करून आयएमईआय क्रमांक मिळवा आणि 'संचार साथी' पोर्टलवर तपासा.
- देवळातली वाटावी अशी मूर्ती 'अगदी स्वस्तात' मिळत असेल, तर हात लावू नका.
- 'अँटिक' म्हणून विकलं जाणारं बरंचसं नवंच असतं. मुद्दाम काळवंडवलेलं पितळ हा जुनाच धंदा आहे.

खरा खजिना घरातच?

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनमध्ये लिलावाला आली. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. एकदा हातची गेलेली वस्तू परत आणायला केवढी किंमत पडते, हे त्यातून दिसतं.

प्रत्येक माळ्यावर तलवार नसते. पण मोडी लिपीतले कागद, जुन्या पोथ्या, फोटोंचे अल्बम अनेक घरांत असतात आणि घर बदलताना तेच आधी रद्दीत जातात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव फिरून लोकांच्या घरांतून अशीच कागदपत्रं जमवली. १९१० मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आजही हे काम करतं.

त्यामुळे रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ते बोचकं एकदा सोडून बघा. वाचता येत नसेल, तर वाचणाऱ्याला दाखवा. त्यातून लाखो रुपये मिळतीलच असं नाही. पण किलोच्या भावाने गेलेला कागद पुन्हा मिळत नाही.