शाळा कुणाच्या उपकाराची नको

गरिबाच्या पोराला शिकवणं हे पुण्याचं काम आहे, असं कुणी म्हटलं की माझं डोकं उठतं. ते पुण्य नाही, देणं आहे. आणि ते देणं पिढ्यान् पिढ्या थकवलेलं आहे.

मुंबईत या पुण्यकर्माला तीनशे वर्षं उलटून गेली. १७१८ साली ईस्ट इंडिया कंपनीचे पाद्री रिचर्ड कॉब यांनी कोटातल्या सेंट थॉमस चर्चजवळ धर्मादाय शाळा काढली. बारा गरीब मुलगे आणि एक मास्तर. राहणं, कपडे, जेवण, शिक्षण सगळं फुकट. तेराव्या मुलाने दाद कुठे मागायची, याचं उत्तर त्या शाळेकडे नव्हतं. धर्मादाय शाळेकडे ते कधीच नसतं. १८१५ साली आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी उभी केली. १८२५ साली तिच्या शाळा भायखळ्याला आल्या, आमच्या घोडपदेवपासून पायी जाण्याच्या अंतरावर. तिथे शिकली ती मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलं. त्या मुलांचं भलं झालं, हे मी नाकारत नाही. पण ज्याची थैली त्याची निवड, हा नियम तिथेच पक्का झाला.

निवडीचा हा अधिकार किती क्रूर होऊ शकतो, ते १८५६ साली दिसलं. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला आणि मुंबई सरकारने त्या नकाराला मान्यता दिली. शाळा सरकारच्या पैशाची होती, म्हणजे रयतेच्या पैशाची. तरीही प्रवेश हा मेहेरबानीचा विषय राहिला, कारण त्या मुलाच्या हातात हक्क नव्हता.

जोतीराव फुल्यांना हे सगळ्यांच्या आधी कळलं. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ पासून पुण्यात शाळा चालवल्या, लोकांकडून वर्गण्या घेतल्या. पण १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी आणखी देणगीदार मागितले नाहीत. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, असं त्यांनी सुनावलं. प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. स्वतः शाळा काढणारा माणूस हे म्हणत होता, म्हणून त्याला वजन आहे.

सरकारने झटकलेली जबाबदारी इतरांनी उचलली, याला आमचं परळही साक्षी आहे. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंद्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा इथेच, गिरणगावात, उघडली. १९११ साली ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. सरकारने टाकून दिलेलं काम या माणसांनी खांद्यावर घेतलं. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पाडलं गेलं. पैसा नाही, ही ओरड तेव्हाही होती. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून दाखवलं. एका संस्थानाला जे जमलं, ते साम्राज्याला जमलं नाही, कारण त्याची तशी इच्छाच नव्हती.

आता आजचं पाहा. शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० पासून लागू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने दत्तक शाळा योजनेचा शासन निर्णय काढला. कंपन्यांनी, दानशूरांनी सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायच्या आणि शाळेच्या नावाला आपलं नाव जोडायचं. आईबाप जिवंत असताना लेकरू दत्तक देतात, तसा हा प्रकार. पाच वर्षांनी कंपनीचा ताळेबंद बिघडला तर शाळेने कुणाच्या तोंडाकडे पाहायचं? पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या कायद्याने गरीब मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांतून सूट देणारी अधिसूचना आली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तेराव्या मुलाला अखेर दाद मागायला जागा मिळाली ती कायद्यामुळे. दानातून ती त्याला कधीच मिळाली नसती.

दान घेताना काय होतं, ते मी आमच्या भागातल्या एका दप्तरवाटपात पाहिलं आहे. चौथीतली एक मुलगी दप्तर छातीशी धरून उभी होती. फोटोवाल्याने ते फिरवायला लावलं. "बाळा, नाव समोर दिसू दे." तिने फिरवलं. मग टाळ्या, मग पुढचं मूल. महापालिका ज्या २७ शालोपयोगी वस्तू देते, त्यांत दप्तरही आहे. ते जूनमध्ये वेळेवर हातात पडलं असतं तर त्या मुलीला कुणाच्या नावाची जाहिरात अंगावर घ्यावी लागली नसती.

फुकट मिळतंय ना, मग तक्रार कसली, असं ऐकवणाऱ्यांनी मालमत्ता कराचं बिल उघडून बघावं. त्यात शिक्षण उपकर असतो. चाळीतला माणूस साबणाच्या वडीपासून चपलेपर्यंत प्रत्येक गोष्टीवर जीएसटी भरतो. या शहराची श्रीमंती ज्यांनी गिरण्यांत तीन पाळ्यांत राबून उभी केली, त्यांच्या नातवंडांना फुकटे म्हणायची हिंमत होते कशी?

कुणाला द्यायचंच असेल तर द्यावं. ग्रंथालय द्यावं, प्रयोगशाळा द्यावी, पाटी न लावता द्यावी. पण शिक्षकाचा पगार, शाळेचं छप्पर, मुलाची वही हे सरकारचं आणि महापालिकेचं काम आहे. ते बाजारात दत्तक द्यायला कुणाच्या बापाचं नाही. दत्तक शाळेचा शासन निर्णय मागे घ्या. शिक्षकांची रिकामी पदं भरा. पहिल्या दिवशी पहिल्या तासाला वस्तू द्या. आणि घोडपदेवच्या पालकांनो, मतं मागायला येणाऱ्याला आधी शाळेत न्या, वर्गात बसवा आणि मगच त्याचं भाषण ऐका. वाटपाला हात जोडून उभं राहायचे दिवस संपवायचे असतील तर हिशेब आपणच मागायला हवा.