वारसावास्तू आणि भटारखान्याचा धूर

संरक्षित वास्तूत उपाहारगृह काढावे काय, या प्रश्नाला सरसकट होकार किंवा नकार देणे सोपे आहे. दोन्ही उत्तरे सारखीच अपुरी आहेत. सप्टेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रातील 25 किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याची वार्ता येताच जनक्षोभ उसळला. शिवकालाशी निगडित संरक्षित किल्ले त्यात नाहीत, असा खुलासा सरकारने केला. मूळ प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर शोधण्यास तंजावर हे योग्य स्थळ आहे. नायक राजांनी आरंभिलेल्या आणि मराठ्यांनी वाढविलेल्या येथील राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. ताडपत्रे, मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे यांबरोबरच दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील पाकशास्त्राचा ग्रंथही तेथे जपलेला आहे. त्यातील पदार्थांची पंगत वाड्यातच मांडावी, असा मोह कोणासही व्हावा.

परंतु उपाहारगृह म्हणजे केवळ मेज-खुर्च्या नव्हेत. चूल, धूर, तेलकट वाफ, गॅसच्या टाक्या आणि सांडपाणी हा त्याचा अटळ परिवार होय. चुन्याच्या गिलाव्याला ओल व काजळी सोसत नाही. हस्तलिखितांना तर एक ठिणगी पुरे. केंद्रीय स्मारकांसाठीचे 1959 चे नियम परवानगीच्या जागेखेरीज स्मारकात अन्न शिजविण्यास व खाण्यास मनाई करतात, ते उगाच नव्हे.

तथापि, कुलूप लावल्यानेही वास्तू टिकत नाही. बंद दालनात वाळवी आणि पिंपळाची मुळे वस्तीस येतात. म्हणून वापर हवा, पण तीन अटींवर. स्वयंपाकघर संरक्षित भिंतींबाहेर असावे. केलेला प्रत्येक बदल मूळ बांधकामास धक्का न लावता काढून घेता यावा. आणि काहीही विकत न घेणाऱ्या नागरिकालाही दालने पाहण्याचा हक्क राहावा.

तिसरी अट इतिहासानेच घालून दिली आहे. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, तरी अन्नछत्रे आपल्या देखरेखीखाली राहावीत, असा आग्रह सरफोजींनी धरला होता. ज्या घराण्याने वाटसरूला दाम न विचारता वाढले, त्याच्या वाड्यात भोजनाचे बिल हेच प्रवेशपत्र ठरू नये.