अभिजीत सावंत 'गायब' झाला नव्हता : हिट आणि धंदा यातला फरक



मागच्या व्हिडिओत आपण उधारी आणि गिऱ्हाईक यावर बोललो. त्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली. १० मिनिटांत मावली नसती, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

१५ दिवसांपूर्वी दुकानात एक पोरगा आला. शेजारच्या गावचा, २२-२३ वर्षांचा. शिरवळला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर कामाला जातो. आवाज छान आहे. हळदीला, वाढदिवसाला गातो. आल्या आल्या मोबाईल माझ्यासमोर धरला.

"दादा, रील बघितलं का? १८ लाख व्ह्यूज झालेत. आता कंपनी सोडतोय. साउंड सिस्टीम बघून आलोय, ७ लाखांची. पतसंस्थेचं कर्ज होतंय, फक्त जामीन पाहिजे. तुम्ही राहता का?"

मी विचारलं, "अरे, या १८ लाखांतल्या किती जणांचा नंबर आहे तुझ्याकडं?"

तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण मी चेष्टा करत नव्हतो. मला त्या क्षणी अभिजीत सावंत आठवला होता.

५ मार्च २००५

आज पस्तिशीच्या आसपास असलेल्यांना ही तारीख नाही, पण तो दिवस नक्की आठवेल. पहिल्या इंडियन आयडॉलची फायनल. एका बाजूला अमित साना, दुसऱ्या बाजूला आपला अभिजीत सावंत. मी दहावीला होतो. बोर्डाचे पेपर तोंडावर आणि मी टीव्हीसमोर. वडील दोनदा ओरडून गेले, तिसऱ्यांदा स्वतःच खुर्ची ओढून बसले. त्या काळात लोडशेडिंग एवढं होतं की लाईट टिकेल का नाही याचीच धाकधूक. अभिजीत जिंकला तेव्हा आपल्याच घरातलं पोरगं जिंकल्यासारखं वाटलं. मुंबईतल्या साध्या घरातला मराठी मुलगा, ना सिनेमावाल्यांचा नातेवाईक, ना कुठला वशिला.

त्याच वर्षी त्याचा पहिला अल्बम आला, 'आपका अभिजीत सावंत'. त्यातलं 'मोहब्बतें लुटाऊंगा' हे गाणं रिक्षात, एसटी स्टँडवर, गणपतीच्या मांडवात सगळीकडे वाजत होतं. त्याच वर्षी 'आशिक बनाया आपने' या सिनेमातही त्याने गायलं. देशातला सगळ्यात ओळखीचा नवा आवाज त्याचा होता.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. २००७ ला दुसरा अल्बम 'जुनून'. त्याच वर्षी जकार्ताला झालेल्या एशियन आयडॉलमध्ये भारतातर्फे गायला. २००८ ला 'जो जीता वही सुपरस्टार' या कार्यक्रमात उतरला. म्हणजे एकदा स्पर्धा जिंकलेला माणूस परत स्पर्धेत! ती स्पर्धा राहुल वैद्य जिंकला, जो पहिल्या इंडियन आयडॉलमध्ये तिसरा होता. मग २००९ ला 'लॉटरी' नावाच्या सिनेमात हिरो झाला. सिनेमा चालला नाही. २०१० ला इंडियन आयडॉलच्याच पाचव्या पर्वात तो सूत्रसंचालक होता. जिथे एकदा विजेता म्हणून उभा राहिला, तिथेच दुसऱ्या पोरांची नावं पुकारायला. २०१३ ला 'फरीदा' हा अल्बम, आणि त्याच वर्षी 'मंगलाष्टक वन्स मोअर' या मराठी सिनेमात बेला शेंडेसोबतचं गाणं. ते गाणं आजही लग्नाच्या व्हिडिओत वाजतं. पण कितीतरी लोकांना ते अभिजीतने गायलंय हे माहीतच नाही.

आणि इतकं सगळं करूनही आपण काय म्हणालो? "तो इंडियन आयडॉलवाला? गायब झाला बिचारा."

त्याचं काय चुकलं?

हा प्रश्न आमच्या ट्रेनर मंडळींना फार आवडतो. उत्तरंही तयार असतात. मेहनत कमी पडली. डोक्यात हवा गेली. फोकस नव्हता. स्पष्ट सांगतो, मला ही उत्तरं आळशीपणाची वाटतात. वर सांगितलेली यादी परत वाचा. हा माणूस एक दिवस तरी बसलेला दिसतो का?

माझं मत वेगळं आहे. अभिजीत पडला नाही. तो ज्या पेठेत माल विकायला उभा होता, ती पेठच उठली.

९० च्या दशकात आपल्याकडे सिनेमाबाहेरच्या पॉप गाण्यांचा मोठा बाजार होता. १९९५ ला अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, पाठोपाठ कितीतरी गायक आले. एमटीव्ही, चॅनेल व्ही दिवसभर व्हिडिओ दाखवायचे आणि कॅसेट खपायच्या. मग एमपीथ्री आली. एका सीडीत १००-१५० गाणी, ती पण हातगाडीवर. कॅसेट कोण घेणार? म्युझिक कंपन्यांनी हिशेब केला. पॉप गायकाचं गाणं लोकांपर्यंत पोचवायला स्वतःचा पैसा घालावा लागतो. सिनेमाच्या गाण्याची जाहिरात सिनेमावालाच करतो. पैसा तिकडे वळला. अभिजीत २००५ ला जिंकला, म्हणजे बाजाराला शेवटची गर्दी असताना त्याने दुकान उघडलं.

योगायोग बघा. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ ला टाकला गेला. अभिजीत जिंकला त्याला दोन महिनेही झाले नव्हते. नवीन पेठ भरायला लागली होती, पण ते तेव्हा ना त्याला दिसलं, ना आपल्याला.

आता माझी कबुली

ही पेठ उठवणाऱ्यांत मी पण होतो.

बीबीए झाल्यावर २०११ ला मी भोंगवलीत मोबाईलचं दुकान टाकलं. रिचार्ज, कव्हर, चार्जर. पण खरा गल्ला भरायचा मेमरी कार्डावर. २ जीबीचं कार्ड गाण्यांनी भरून द्यायचे ३० रुपये. कॉम्प्युटरवर फोल्डर केलेले होते : लग्नाची गाणी, भक्तिगीतं, डीजे, हिंदी सॅड. यात्रेच्या दिवसांत रांग लागायची. महिन्याला १०-१२ हजार नुसते गाण्यांतून सुटायचे, गुंतवणूक शून्य. मला वाटायचं, काय डोकं आहे आपलं!

त्या फोल्डरमध्ये अभिजीतची गाणी पण होती. ज्या पोराच्या विजयासाठी मी दहावीचा अभ्यास सोडून बसलो होतो, त्याचा माल मी फुकट उचलून विकत होतो. त्याला एक पैसा गेला नाही. तेव्हा हे मनात सुद्धा आलं नाही, आणि त्याची आज लाज वाटते. गायकाला गाण्यावर पुढे रॉयल्टी मिळावी ही तरतूद आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली. त्याआधी बहुतेक गायकांना गायच्या वेळी मिळेल तेच. गाणं २० वर्षं वाजू दे, वरचा पैसा दुसऱ्याचा. त्यात माझ्यासारखे गल्लोगल्ली बसलेले. गायकाला उरतं काय? स्टेज शो. आणि स्टेज शोला बोलावणं येतं ते लोकांना तुमचं नाव ताजं आठवतंय तोवर.

मग माझी पाळी आली. २०१६ च्या उन्हाळ्यात पतसंस्थेचं ३ लाखांचं कर्ज काढून मी दुकानाचं फर्निचर केलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. डेटा फुकट. ८ नोव्हेंबरला नोटबंदी. पुढच्या यात्रेला माझ्या दुकानासमोर कार्ड भरायला कोणी नव्हतं. जो तो मोबाईलवर गाणं लावून समोरून चालला होता. हप्ता चालू, गल्ला रिकामा. गावात लोक प्रेमाने विचारायचे, "काय, दुकान चालू ठेवणार ना?" तो प्रश्न किती लागतो हे ज्याला विचारला जातो त्यालाच कळतं. मी दोन महिने पारावर बसायचं टाळलं. सकाळी शटर उघडताना समोर कोणी असेल तर थांबायचो, तो गेला की उघडायचो.

म्हणून सांगतो, "गायब झाला" हा शब्द आपण फार सहज वापरतो. मी तर एका गावापुरता होतो. अभिजीतला तेच प्रश्न अख्ख्या देशाने विचारले, वर्षानुवर्षं, मुलाखतीत, विमानतळावर, कार्यक्रमाच्या मांडवात.

मला कशाने वाचवलं?

हुशारीने नाही. एका वहीने.

रिचार्ज करताना मी गिऱ्हाईकाचं नाव आणि नंबर लिहून घ्यायचो. पाच वर्षांत तीन वह्या झाल्या होत्या. २०१७ ला मी त्या काढल्या आणि एकेकाला फोन लावला. कोणाला डिश बसवायची होती, कोणाला हप्त्यावर फोन पाहिजे होता, एका काकांना पोल्ट्रीवर कॅमेरा. किकवीपासून सारोळ्यापर्यंत गाडीवर फिरलो. कर्ज फिटायला तीन वर्षं लागली, पण फिटलं. मेमरी कार्ड हा माझा हिट होता. वही हा माझा धंदा होता. मी उलटं समजत होतो.

आता अभिजीतकडे परत या. २००५ ला ज्या लोकांनी एसएमएस करून त्याला निवडून दिलं, त्यांचे नंबर कोणाकडे होते? टीव्ही चॅनेल आणि मोबाईल कंपन्यांकडे. अल्बम कोणाचा? म्युझिक कंपनीचा. त्याच्या हातात काय? ट्रॉफी, आवाज आणि ओळख. पुढच्या पर्वात नवा विजेता आला की चॅनेलची गर्दी त्याच्याकडे. यात त्याचा दोष मी धरत नाही. तेव्हा गायकाला स्वतःची वही ठेवायची सोयच नव्हती. पण आज आपल्याला आहे, आणि आपण ठेवत नाही.

बिग बॉस मराठीच्या पाचव्या पर्वाची फायनल आठवा, ६ ऑक्टोबर २०२४. शेवटी स्टेजवर दोघे. जिंकला बारामती तालुक्यातला, मोढवे गावचा सूरज चव्हाण. दुसरा आला अभिजीत सावंत. सगळ्यांनी जिंकलं कोण, हरलं कोण हे बघितलं. मला दुसरंच दिसलं. सूरज टिकटॉकमुळे लोकांना माहीत झाला होता, आणि जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉक एका रात्रीत बंद केलं. अभिजीतची कॅसेट-सीडीची दुनिया त्याच्याही आधी बुडाली. म्हणजे पायाखालची जमीन सरकलेले दोन माणसं तिथे उभी होती, आणि दोघंही परत आली होती. जिंकल्यावर १९ वर्षांनी अभिजीत पुन्हा लोकांसमोर उभा राहिला, परत मतं मागायला. याला अपयश म्हणणाऱ्याने एकदा स्वतः शटर उघडून बघावं.

कोणीतरी कमेंटमध्ये अरिजित सिंगचं उदाहरण देईलच. तोही २००५ ला 'फेम गुरुकुल'मध्ये फायनलच्या आधी बाहेर पडला, मग पडद्यामागे संगीतकारांच्या हाताखाली काम शिकला, आणि 'तुम ही हो' आलं २०१३ ला. खरं आहे. पण त्याच्यासारखंच शिकलेले, राबलेले आणि तरीही ज्यांना कोणी ओळखत नाही असे कितीजण असतील? एक अरिजित दाखवून दहा अभिजीतांना कमी लेखायचं, हे ट्रेनिंग नाही.

आज रात्री गल्ला मोजताना

तीन प्रश्न स्वतःला विचारा.

१. आपली जास्तीत जास्त विक्री ज्या एका गोष्टीवर चालते, ती उद्या बंद झाली तर? ती गोष्ट आपली आहे का दुसऱ्याची?

२. आपल्या गिऱ्हाईकांपैकी किती जणांना आपण स्वतः फोन लावू शकतो? इन्स्टाचे फॉलोअर मोजायचे नाहीत.

३. हिट चालू आहे त्या महिन्यांत वरचा पैसा कुठे चाललाय? फर्निचरमध्ये, का पुढच्या कामात?

आणि त्या पोराचं काय झालं? मी त्याला म्हणालो, जामीन राहीन, पण सहा महिन्यांनी. तोवर कंपनी सोडायची नाही. साउंड भाड्याने घे, २० कार्यक्रम पैसे घेऊन कर. प्रत्येक कार्यक्रमाला एक वही ने, यजमानाचा नंबर, तारीख, किती दिले, कोणी नाव सुचवलं, सगळं लिही. १०० नंबर झाले की वही घेऊन ये, मी डोळे झाकून सही करतो.

त्याला राग आला. "दादा, तुमचा विश्वास नाही," म्हणाला आणि गेला. अजून फिरकलेला नाही. कदाचित दुसरा जामीन मिळाला असेल. मी बरोबर केलं का, हे मला पण रात्री वाटतंच. पण त्याचा आवाज खरंच चांगला आहे, आणि १८ लाख लोक विसरल्यावर सुद्धा तो गात राहावा असं मला वाटतं.

तुम्ही माझ्या जागी असता तर सही केली असती का? कमेंटमध्ये मोकळेपणाने लिहा, मी सगळ्या वाचतो. आणि आज एक वही विकत घ्या. २०० पानी. आमच्याकडे नाही मिळत, शेजारच्या दुकानात मिळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. रामराम.