आधी काडीमोड, मग सोयरीक

आमच्या महाविद्यालयात कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी नवे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले, आणि निवडसमितीवर मराठीच्या मास्तरचीही वर्णी लागली. विक्रेत्याने पडद्यावर रंगीत आरास मांडली; मंडळी भारावली. मी विचारले, "करार संपल्यावर आमच्या नोंदी परत मिळतील ना?" गृहस्थ चहा ढवळू लागले. मागचा करार संपला तेव्हा नोंदीही गेल्या, आणि निवृत्तीला टेकलेल्या हेडक्लार्कना तेच धडे पुन्हा गिरवावे लागले!

२००२ साली आलेले 'मूडल' फुकट मिळते. सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. 'स्कॉर्म' पद्धतीचे धडे दुसरीकडे नेता येतात. कोण किती शिकला, ही नोंद मात्र करारातच मागून घ्यावी. सोयरीक जुळवताना काडीमोडाची भाषा अशुभ खरी. सॉफ्टवेअर घेताना तेच पहिले मंगलाष्टक!