लॅटेक्सच्या गादीसाठी खोळ निवडताना

थंडीची चाहूल लागली की कोलकात्याच्या गल्लीबोळांतून 'धुनुरी' फिरू लागतात. आपल्याकडच्या पिंजाऱ्याचाच हा बंगाली भाऊबंद. जुना कापूस पिंजून पुन्हा भरायचा, दोन दिवस ऊन दाखवायचे की गादी नव्यासारखी फुगते. अशा गादीची खोळ म्हणजे कापडाची एक साधी पिशवी. लॅटेक्सच्या थरांच्या गादीचे मात्र तसे नाही. तिचे दोन-तीन सुटे थर एकत्र धरून ठेवण्याचे काम खोळच करते. खोळ चुकली तर हजारो रुपयांची गादी वर्षभरातच नकोशी होते. तरीही गादी निवडताना चार दुकाने पालथी घालणारी मंडळी खोळीच्या बाबतीत 'असेल ती द्या' असे सांगून मोकळी होतात.

कोलकात्यातल्या मराठी कुटुंबांची घरातली मोठी खरेदी बहुधा एस्प्लनेडला होते. भारतातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर धावली आणि मार्च २०२४ पासून हावडा मैदानाहून हुगळी नदीच्या खालूनही इथे येता येते. स्टेशनातून बाहेर पडून लिंडसे स्ट्रीट गाठला की समोर १८७४ साली सुरू झालेले न्यू मार्केट. चादरी, पडदे, कापड सारे तिथे मिळते.

लॅटेक्सच्या गादीचेही या भागाशी जुने नाते आहे. रबराच्या झाडाचा चीक घुसळून त्याचा फेस करायचा आणि तो साच्यात ओतून उष्णतेने पक्का करायचा, ही रीत १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीत तयार झाली. आजही तिला 'डनलॉप पद्धत' असेच म्हणतात. भारतातल्या डनलॉपचा कारखाना हुगळी जिल्ह्यात साहागंजला होता आणि कचेरी न्यू मार्केटच्या मागे मिर्झा गालिब स्ट्रीटवर. कारखान्याचे काम २०११ मध्ये थांबले, पण कुठल्याही फोमच्या गादीला 'डनलॉप' म्हणण्याची आपली सवय काही गेली नाही. खरेदीत पहिली फसगत होते ती याच सवयीमुळे.

चेन उघडा, आत पाहा

लॅटेक्स म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गाद्यांत वर इंचभर लॅटेक्स आणि खाली साधा फोम किंवा काथ्या असतो. खोळ चारही बाजूंनी शिवलेली असेल तर हे कळायला मार्ग नाही. चेन असेल तर दुकानातच ती उघडून प्रत्येक थर पाहता येतो. लॅटेक्सवर साच्याची बारीक भोके दिसतात, त्याला रबराचा वास असतो आणि ते चांगलेच जड असते. ७५ इंच लांब, ६० इंच रुंद आणि २ इंच जाड असा एक थर साधारण दहा ते बारा किलोचा भरतो. तीन थरांची पूर्ण गादी तीस किलोंच्या पुढे जाते. फुलासारखी हलकी गादी दाखवून 'पूर्ण लॅटेक्स आहे' असे कोणी सांगत असेल तर सावध व्हा. कोणता थर कशाचा आणि किती इंचांचा, हे बिलावर लिहून घ्या. पुढे तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

चेनचा दुसरा फायदा नंतर कळतो. गादी कडक वाटली तर मऊ थर वर घ्यावा, कंबर दुखू लागली तर कडक थर वर आणावा. ही सोय चेनमुळेच राहते. म्हणूनच थर एकमेकांना सोल्यूशनने चिकटवून देतो, असे दुकानदार म्हणाला तर नको म्हणा. लॅटेक्सवर लॅटेक्स सहसा सरकत नाही. नेमक्या मापाची खोळ त्याला पुरते.

चेन किती बाजूंना?

एकाच बाजूला चेन असलेली खोळ स्वस्त पडते, पण ती उशीच्या अभ्र्यासारखी असते. तीस किलोंची गादी तिच्यात कोंबायची कोणी? लॅटेक्स कापडाला धरून बसते आणि ओढाताण झाली की फाटते. परिणामी खोळ एकदा चढली की कधीच निघत नाही आणि जी निघत नाही ती धुतलीही जात नाही. निदान तीन बाजूंना चेन हवी. म्हणजे पेटीच्या झाकणासारखा वरचा भाग उघडतो आणि थर एकेक करून ठेवता येतात. एकटीलाही ते जमते. चारही बाजूंना चेन असेल तर वरचा भाग सुटा होतो आणि तेवढाच धुता येतो. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर जास्तीचे पैसे मोजून हीच घ्यावी.

चेन नायलॉनची आणि जाड, शक्यतो पाच नंबरची असावी. दमट हवेत धातूची चेन गंजते आणि चादरीला डाग पाडते. चेनवर कापडाची झडप असली की ती अंगाला बोचत नाही. दुकानात चेन दोन-तीन वेळा कोपऱ्यावरून फिरवून पाहा. अडते ती कोपऱ्यातच.

कापड कोणते?

होजिअरीसारखे ताणले जाणारे सुती कापड लॅटेक्सला सर्वांत चांगले. अंगाखाली गादी जिथे दबेल तिथे कापडही तिच्याबरोबर खाली जाते. घट्ट विणीचे जाड कापड ताठ बसवले तर शरीराचा भार कापडावरच तोलला जातो आणि आतले लॅटेक्स मऊ असूनही गादी कडक वाटते. ड्रिल किंवा जाड मांजरपाट स्वस्त आणि टिकाऊ आहे. ते वापरायचे तर खोळ मापाची असावी, पण ढोलासारखी ताणलेली नसावी.

आत अस्तर घालून रजईसारखी शिवलेली खोळ दिसायला सुंदर असते. पण ती उकडते, धुताना जड होते आणि पावसाळ्यात तीन-तीन दिवस वाळत नाही. रेक्झिनची किंवा प्लास्टिकची खोळ तर टाळाच. अंगाचा घाम बाहेर जायला वाट राहत नाही आणि आत कुबट वास धरतो. मूल अंथरूण ओले करत असेल तर त्याच्यापुरता वरून एक जलरोधक तुकडा घाला. त्यासाठी सगळी गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळण्याचे कारण नाही.

शिंप्याकडून शिवून घेताना

तयार खोळ मापात बसत नसेल तर शिवून घेणे सोपे आहे. कोलकात्यात गादीला 'तोशक' आणि खोळीला 'ओआड' म्हणतात. चेनला मात्र तिथेही 'चेन'च! माप पलंगाचे न देता गादीचे द्या आणि सगळे थर एकावर एक ठेवून उंची घ्या. ७५ बाय ६० इंचांच्या, ६ इंच उंचीच्या गादीला ९० इंच पन्ह्याचे साडेचार मीटर कापड पुरते. वरचा आणि खालचा भाग कापून उरलेल्या कापडात बाजूच्या पट्ट्या निघतात. तीन बाजूंना चेन लावायची तर ती सुमारे साडेपाच मीटर लागेल. मीटरवर मिळणाऱ्या चेनचे रनर वेगळे मागून घ्या आणि दोन रनर लावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कापड आधी भिजवून, वाळवून मगच शिवायला द्या. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा पाचने आटले तरी ७५ इंचांत जवळजवळ चार इंच जातात. मग चेन लागता लागत नाही. तयार खोळ घेताना कापड आधीच आटवलेले आहे का, हे विचारून घ्या.

खोळ उन्हात, गादी सावलीत

दिवाळीच्या सुमारास गाद्या गच्चीवर टाकण्याची आपली रीत कापसाच्या गादीला योग्यच आहे. लॅटेक्सला मात्र ऊन मानवत नाही. उन्हाने ते पिवळे पडते, कडक होते आणि शेवटी त्याचा भुगा होऊ लागतो. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी खोळ काढून धुवावी, ती उन्हात वाळवावी आणि तोवर थर खोलीतच पंख्याखाली मोकळे ठेवावेत. थर धुवू नयेत. थरांवर मूळची पातळ जाळीदार पिशवी असेल तर ती काढू नये. प्लायवूडच्या बंद दिवाणावर गादीखाली ओल धरते. फळीला भोके पाडून घ्यावीत किंवा गादी अधूनमधून उभी करून खालून वारा लागू द्यावा. कोलकात्याच्या पावसाळ्यात हे जितके गरजेचे, तितकेच मुंबईत आणि कोकणातही.

घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर अधिक काळजी हवी. अंथरुणातले सूक्ष्म किडे म्हणजे 'माइट' आपल्या त्वचेच्या गळालेल्या कणांवर जगतात आणि दमट हवेत वाढतात. ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात धुतल्यावर ते मरतात. म्हणून या घरात कापड गरम पाणी सोसणारे हवे. मात्र 'ही खोळ घातली की दमा जाईल' असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक प्रौढ दमेकऱ्यांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या माइटरोधक खोळीने फरक पडला नाही. डॉक्टरांचे औषध चालू ठेवूनच ही काळजी घ्यायची आहे. ज्यांना रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी खाज येते, त्यांनी तर लॅटेक्सची गादी घेण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

शक्य असेल तर एकाच मापाच्या दोन खोळी घ्या. एक दोरीवर असताना दुसरी गादीवर चढते आणि पावसाळ्यातही धुणे टळत नाही. गादीच्या किमतीपुढे हा खर्च थोडा आहे. थर वर्षानुवर्षे टिकतात, खोळ मात्र विरते. ती बदलता यावी, घरच्या बाईला एकटीने काढता-घालता यावी आणि घरच्या घरी धुता यावी, एवढे पाहून घेतले तर निवड सहसा चुकत नाही.