स्वस्त सिमचा खरा हिशेब

जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया या तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. बीएसएनएलने ते वाढवले नाहीत, म्हणून अनेक ग्राहक तिकडे वळले. पण निवड केवळ किमतीवर करून भागत नाही; नेटवर्क कोणत्या पिढीचे आहे तेही पाहावे लागते. खासगी फाइव्ह-जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाले. बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचे लोकार्पण सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

खर्चाची तुलना दिवसागणिक करावी. २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ हप्ते. ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यावेत, असे दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्येच बजावले आहे; ज्येष्ठांनी ते आवर्जून मागावेत. नंबर पोर्ट केल्यावर ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. त्यामुळे आधी दुसरे सिम घालून घरात, शेतात, कामाच्या ठिकाणी रेंज तपासणे शहाणपणाचे. कंपनीच्या नकाशापेक्षा शेजाऱ्याचा फोन अधिक खरे बोलतो.

सेवेच्या दर्जाचे आकडे मात्र सर्कलनिहाय जाहीर होतात. मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल. पुण्याच्या टॉवरांनी उंचावलेली सरासरी दुर्गम भामरागडच्या ग्राहकाच्या काय कामाची? कॉल तुटण्याचे आणि तक्रार निवारणाचे आकडे तालुकानिहाय प्रसिद्ध करण्याची सक्ती ‘ट्राय’ने करावी. त्याशिवाय स्पर्धेचा लाभ शहरांपलीकडे पोहोचणार नाही.