तीनशे कोटी म्हणजे चित्र चांगलं काढलं, असं नाही

परवा लेण्याद्रीच्या पायथ्याला टपरीवर चहा घेताना उगाच वाद झाला. मी एवढंच म्हणालो की 'महावतार नरसिंह'मधली काही पात्रं चालताना लाकडी वाटतात. शेजारचा तरुण उसळलाच. "दादा, तीनशे कोटींच्या वर गल्ला झालाय. तुम्ही कोण चुका काढणारे?" मागून आणखी एक आवाज, "देवाचा सिनेमा आहे म्हणून दुखतंय यांना."

देवाचं राहू द्या, मी गिरिजात्मजाचं दर्शन घेऊनच खाली उतरलो होतो. आकड्याचं बोलू.

या डोंगरावर पुरातत्त्व खात्याने वर्षानुवर्षं तिकीट घेतलं. गर्दी सातव्या लेण्यातल्या गणपतीसाठी. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे, पण तिकडे किती जण मान वळवतात? उद्या कुणी तिकिटांची बेरीज करून चैत्यगृहाच्या कोरीव कामाला मार्क दिले तर आपण हसू. सिनेमाच्या बाबतीत मात्र हेच करतो.

त्यात ॲनिमेशनचं तिकीट पोरं काढत नाहीत, आईबाप काढतात. आमच्यासारख्यांना मल्टिप्लेक्ससाठी पुण्याकडे जायचं, चार तिकिटं, पॉपकॉर्न, गाडीचं पेट्रोल. एवढा खर्च करणारा बाप ओळखीच्या गोष्टीवरच पैसे लावणार. त्यात त्याची चूक नाही. पण मग गल्ला मोजतो तो बापाचा भरवसा. चित्र कसं हललं, हे त्यात कुठे आलं?

जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांचं 'रामायण' घ्या. १९९३ च्या सुमारास, अयोध्येवरून वातावरण पेटलेलं असताना, ते भारतात थिएटरला नीट लागलंच नाही. पुढे पोरांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि जपलं. जानेवारी २०२५ मध्ये तेच थिएटरात आलं. हाताने काढलेल्या चित्रातली एक रेघ बदलली नव्हती. मग १९९३ ला ते वाईट होतं का?

एक मात्र कबूल करतो. 'नरसिंह'ची पहिल्या दिवसाची कमाई दोन कोटींच्याही आत होती, पुढचं सगळं तोंडोतोंडी वाढलं. ती कमाई जाहिरातीची नाही, लोकांना काहीतरी भिडलं म्हणूनच झाली. दिग्दर्शक अश्विन कुमार यांच्या चिकाटीला सलाम. पण भिडलं ते प्रल्हादाची गोष्ट की तिची चित्रं, हे आकडा सांगत नाही.

मला भीती वेगळी आहे. २००५ ला व्ही. जी. सामंतांचा 'हनुमान' चालला आणि मागोमाग कृष्ण, गणेश, घटोत्कच, दशावतार अशी रांग लागली. निर्मात्यांनी हिटमधून देव उचलला, मेहनत तिथेच ठेवली. आता तीनशे कोटी बघून पुन्हा तेच होणार. आणि गीतांजली राव यांच्या 'बॉम्बे रोज'सारखं, फ्रेमफ्रेम रंगवलेलं मुंबईचं चित्र व्हेनिसच्या महोत्सवात दाखवलं जातं, पण आपल्याकडे ते थेट नेटफ्लिक्सवर. गल्ला शून्य, म्हणून चर्चा शून्य.

समोर शिवनेरी दिसतो. 'प्रभो शिवाजी राजा' हा मराठी ॲनिमेशनपट २०१८ ला आला होता. टपरीवरच्या त्या दोघांना विचारलं, पाहिलात का? दोघांनी नावही ऐकलं नव्हतं. कमेंटमध्ये भांडायला येणाऱ्यांनी आधी तेवढं सांगा, तुम्ही पाहिलात का?